रक्त पोहोचतं, पण उशिरा

माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी, मिडल सेरेब्रल आर्टरी, सुरुवातीलाच अरुंद झाली आहे हे सीटी अँजिओग्राफीत दिसलं. किती अरुंद, तर जवळजवळ तीन चतुर्थांश बंद. पण त्या अरुंद जागेच्या पलीकडे रक्त प्रत्यक्षात किती जातं आणि किती वेळानं जातं, हे त्या चित्रातून कळत नव्हतं. त्यासाठी जी तपासणी केली तिचं नाव सीटी परफ्युजन. ती कशी होते, तिच्यातून काय कळतं आणि ते कळल्यावर माझ्या उपचारात काय बदललं, ते सविस्तर लिहिते आहे. तपासणीच्या आदल्या रात्री मी हेच वाचायला शोधत होते, आणि मराठीत हाती फारसं काही लागलं नव्हतं.

मी सांगलीची. हायस्कुलात भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. बीपी जुनं, कोलेस्टेरॉल वाढलेलं, साखर काठावर. एका सकाळी देवपूजा आटोपून उठले आणि उजव्या हातातलं निरांजन सुटलं. यांना हाक मारायला गेले तर शब्द निघेना. काय म्हणायचंय ते मनात स्वच्छ होतं, जीभ मात्र भलतंच बोलत होती. पाच-सात मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, इतकं की नंतरचा चहाही मीच केला. आमच्या घरच्या डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "ताई, आपोआप गेलं म्हणून सोडून द्यायचं नाही." त्यांनी पडल्यापडल्या बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. पडून वरचा आकडा १४०, उभं राहिल्यावर १०८. नुकतीच बीपीची एक गोळी वाढवलेली होती. एमआरआयची वेळ ठरेपर्यंत तोच प्रकार पुन्हा झाला, आणि पुन्हा उभं राहतानाच.

अर्धांगवायूची लक्षणं येऊन काही मिनिटांत पूर्ण निघून जातात, त्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो, आणि मोठ्या झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या काही दिवसांतच. म्हणून त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी एक दिवसही जाऊ दिला नाही. मिरजेत एमआरआय झाला. डाव्या बाजूला एका रेषेत, रक्त कमी पडून इजा झालेल्या जागांचे बारीक बारीक ठिपके होते, अगदी ताजे. अँजिओग्राफीत अरुंद वाहिनी सापडली. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या आणि मुलानं पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली.

त्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि पहिला प्रश्न विचारला तो उभं राहण्याबद्दल. दोन्ही वेळा उठतानाच झालं का? हो म्हटल्यावर त्यांनी ठिपक्यांवर पेन ठेवलं. मेंदूत प्रत्येक मोठ्या वाहिनीचं स्वतःचं क्षेत्र असतं, आणि दोन क्षेत्रं जिथे भेटतात त्या हद्दीवरच्या भागाला दोन्हीकडून सगळ्यात शेवटी रक्त मिळतं. माझे ठिपके नेमके त्या हद्दीवर होते. अरुंद जागेतून गुठळीचे कण सुटून पुढे अडकले असते तर ठिपके बहुधा विखुरलेले दिसले असते. हद्दीवरचे ठिपके आणि उभं राहताना येणारी लक्षणं एकत्र पाहिली की शंका येते ती दाब कमी पडण्याची. भूगोल शिकवलेल्या माणसाला ही पाणलोटाची हद्द लगेच समजते. डॉक्टरही त्या भागाला तेच नाव देतात हे मला नंतर कळलं.

मुलानं विचारलं, "हृदयात टाकतात तसा स्टेंट टाकून मोकळं करता येणार नाही का?" ते म्हणाले, "त्यावर बोलू. पण आधी पलीकडे रक्त किती जातंय ते मोजू. वाहिनी तीन चतुर्थांश बंद असलेल्या दोन माणसांची अवस्था सारखी नसते. एकाला आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांनी सांभाळलेलं असतं, दुसऱ्याला नसतं." आणि परफ्युजनची चिठ्ठी लिहून दिली.

तयारी फार नसते. काही तास उपाशी राहायला सांगितलं, औषधं थोड्या पाण्याबरोबर घेतली. रक्तातलं क्रिएटिनिन बघून घेतलं, कारण शिरेतून जो डाय, म्हणजे चित्रात उठून दिसणारं द्रव्य, सोडतात तो आयोडिनयुक्त असतो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर जातो. दमा आहे का, पूर्वी डायची ॲलर्जी आली होती का, थायरॉइडचा त्रास आहे का, साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, असे प्रश्न फॉर्मवर होते. यांतलं काही असेल तर ते लपवू नका, विसरूही नका. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी दम्याचा पंप खिशात असूनही "काही नाही" म्हणून सांगितलं होतं, त्यांच्या सुनेनं ते वेळेत दुरुस्त केलं. कानातलं, मंगळसूत्र, केसांतले आकडे, कवळी असेल तर कवळी, सगळं काढून ठेवायचं. धातूमुळे चित्रात रेघा येतात.

माझा नंबर जवळ आला आणि सगळी रांग थांबली. ॲम्ब्युलन्समधून एक गृहस्थ आणले होते, माझ्याच वयाचे असतील. झोपेतून उठले ते डावं अंग लुळं घेऊनच. त्यांच्या बायकोला डॉक्टर तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत होते: रात्री शेवटचं ठीक कधी पाहिलंत? मधे उठले होते का? बाथरूमला गेले तेव्हा चालत गेले का? ती बिचारी सांगत होती, "साडेदहाला झोपले तेव्हा चांगले होते हो." आम्ही सगळ्यांनी बिनबोलता वाट दिली. पंधरा-वीस मिनिटांत ते आत जाऊन बाहेरही आले आणि त्यांना थेट वरच्या मजल्यावर कॅथलॅबकडे, म्हणजे वाहिनीत तार घालून उपचार करतात त्या खोलीकडे, नेलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्या बाईंचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर येतो.

तो प्रश्न इतका का विचारतात, ते मी नंतर डॉक्टरांकडून आणि वाचून समजून घेतलं. तो समजल्याशिवाय परफ्युजनचं खरं महत्त्व कळत नाही. मोठी वाहिनी गुठळीनं बंद झाली की मेंदूतल्या साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर यांनी मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडतं हे १९९५ साली सिद्ध झालं, २००८ साली ती मुदत साडेचार तासांवर गेली. पण झोपेत झटका आलेल्या माणसाची वेळ धरायची कुठून? शेवटचं ठीक पाहिलं तिथून, म्हणजे रात्री साडेदहापासून. सकाळी सहाला उठलेला माणूस असा घड्याळातच बाद व्हायचा, मग झटका पहाटे साडेपाचला का आला असेना.

परफ्युजननं हा प्रश्न घड्याळाऐवजी थेट मेंदूला विचारायची सोय केली. वाहिनी बंद झाल्यावर तिचं सगळं क्षेत्र एकदम मरत नाही. मधला गाभा आधी जातो. त्याच्याभोवतीचा भाग बंद पडलेला असतो, काम करत नसतो, पण जिवंत असतो. आजूबाजूनं मिळणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तो काही तास तग धरतो. कुणाचा थोडा वेळ, कुणाचा बराच. गाभा लहान आणि वाचवण्याजोगा भाग मोठा असेल तर मांडीतल्या धमनीतून तार घालून गुठळी ओढून काढण्यात बऱ्याच उशिरापर्यंत अर्थ असतो. २०१८ साली 'डॉन' आणि 'डिफ्यूज ३' नावाचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिल्यात रुग्णांना शेवटचं ठीक पाहिल्याला ६ ते २४ तास झाले होते, दुसऱ्यात ६ ते १६. परफ्युजन किंवा एमआरआय पाहून निवडलेल्या या रुग्णांत तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे 'डॉन'मध्ये गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के होते, न काढलेल्यांपैकी १३ टक्के. 'डिफ्यूज ३'मध्ये ४५ आणि १७. माझ्यापुढे आत गेलेल्या त्या गृहस्थांना काही वर्षांपूर्वी बहुधा फक्त वॉर्डात ठेवलं गेलं असतं. आता त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तो प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मिळायला हवा असं मनापासून वाटतं. याचा अर्थ उशीर चालतो असा मात्र कुणी घेऊ नये. गाभा क्षणाक्षणाला वाढतच असतो.

मग माझा नंबर लागला. टेक्निशियन एक तरुण मुलगी होती. तिनं उजव्या कोपराच्या खोबणीत सुई लावली, हिरव्या रंगाची, म्हणजे जाड. नेहमीची बारीक सुई का नाही, विचारलं. म्हणाली, "काकू, डाय खूप जोरात सोडायचा असतो. सेकंदाला पाच मिली." एकूण डाय फक्त ४०-५० मिली, पण तो आठ-दहा सेकंदांत आत जायला हवा, आणि त्याच्यामागोमाग तितकंच सलाईन. डाय सावकाश सोडला तर तो रक्तात पसरून जातो आणि मेंदूत त्याची लाट धड उठत नाही, धड ओसरत नाही. मोजायची असते ती लाटच. उजवाच हात का, तर उजव्या हातातून हृदयापर्यंतचा रस्ता जवळचा आणि सरळ पडतो. आधी नुसतं सलाईन जोरात सोडून सुई नसेत नीट बसली आहे ना, ते तिनं दोनदा पाहिलं. डाय नसेबाहेर गेला तर हात सुजतो, म्हणून या मिनिटाची घाई करू नये. दुखलं तर त्याच क्षणी बोलावं.

डोकं एका खोलगट टेकूत ठेवलं, दोन्ही बाजूंनी स्पंज लावले, कपाळावरून आणि हनुवटीखालून पट्टा घेतला. सूचना एकच, पण ती तिनं मला परत म्हणायला लावली: डोकं हलवायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही, श्वास मात्र नेहमीसारखा घ्यायचा. "अंगभर गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल. झालेली नसते. घाबरून हलू नका."

आधी डायशिवाय साधा सीटी झाला, काही सेकंदांचा. मग भिंतीमागून तिचा आवाज आला, "काकू, सोडतेय." हातात गार गेलं, आणि चार-पाच सेकंदांत घशात ऊब आली, छातीतून पोटात उतरली, तिथून ओटीपोटात. तोंडात लोखंडाची चव. खरोखर वाटलं की कपडे ओले झाले. तिनं आधी सांगितलं नसतं तर मी उठूनच बसले असते. तेवढ्यात टेबल पुढे-मागे सरकायला लागलं. यंत्र घुंऽऽ करायचं, थांबायचं, पुन्हा घुंऽऽ. एकाच भागाची पुन्हा पुन्हा चित्रं, दीड-दोन सेकंदांनी एक, साधारण मिनिटभर. मी डोळे मिटून माझ्या जुन्या वर्गाचा हजेरीपट मनात म्हणत होते. त्या मिनिटात मन कशात तरी गुंतवावं लागतं, कारण नाक नेमकं तेव्हाच खाजतं. हलल्यामुळे तपासणी वाया गेलेले रुग्ण त्यांना नेहमी भेटतात असं तिनं सांगितलं. डोकं जरासं हललं की एका चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात दुसऱ्याच जागी जातो आणि सगळं गणित बिघडतं.

बाहेर आल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, ॲलर्जीचं काही दिसतंय का पाहायला. भरपूर पाणी प्यायला सांगितलं. सुई काढल्यावर कापूस दाबून धरायचा तो चांगला पाच मिनिटं धरावा, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

बसल्या जागी मी तिला किरणांबद्दल विचारलं. कारण आदल्या रात्री वाचताना एक गोष्ट नजरेला पडली होती: २००९ साली लॉस एंजेलिसमधल्या एका हॉस्पिटलात परफ्युजन झालेल्या दोनशेहून जास्त रुग्णांना ठरल्यापेक्षा साधारण आठपट किरणमात्रा मिळत होती. यंत्राच्या सेटिंगमुळे महिनोन्‌महिने हे चाललं, आणि काही रुग्णांच्या डोक्याचे केस पट्ट्यानं गळले तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सगळ्यांनाच सावध केलं. ती मुलगी माझ्या विचारण्यानं चिडली नाही. एकाच जागेची इतकी चित्रं घ्यायची म्हणून ही तपासणी कमी व्होल्टेजवर, ८० किलोव्होल्टवर करतात, आयोडीनही तिथे जास्त ठळक दिसतं, आणि दिलेली मात्रा प्रत्येक तपासणीनंतर पडद्यावर येते, असं तिनं समजावलं. माझ्या सीडीतही तो आकड्यांचा तक्ता होता. विचारायला संकोच करू नये. गरज असेल तर ही तपासणी जरूर करावी, पण सहज म्हणून करून घेण्याची ही गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी संगणकावर माझा मेंदू उघडला. चार रंगीत नकाशे शेजारी शेजारी. निवृत्तीनंतर इतक्या उत्सुकतेनं मी नकाशा पाहिला नव्हता.

हे नकाशे तयार कसे होतात ते त्यांनी आधी दाखवलं. मेंदूच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात डाय आला की तो उजळतो आणि डाय निघून गेला की पुन्हा काळवंडतो. किती उजळला ते आयोडीनच्या प्रमाणात असतं. म्हणून प्रत्येक ठिपक्याची एक चढती-उतरती रेघ काढता येते. एक रेघ पुढच्या धमनीची घेतात, रक्त आत येतानाची. एक मागच्या मोठ्या शिरेची, रक्त बाहेर जातानाची. मधल्या हजारो ठिपक्यांच्या रेघा त्या धमनीच्या रेघेशी ताडून संगणक चार गोष्टी काढतो. दर मिनिटाला किती रक्त वाहतं, कुठल्याही क्षणी तिथल्या वाहिन्यांत किती रक्त असतं, रक्ताला तो भाग ओलांडायला सरासरी किती सेकंद लागतात, आणि धमनीच्या मानानं ते किती सेकंद उशिरा येतं. पहिल्या तिघांचं नातं साधं आहे: असलेलं रक्त भागिले वाहणारं रक्त म्हणजे लागणारा वेळ. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅममधून मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त वाहतं आणि त्याच्या वाहिन्यांत सुमारे ४ मिली असतं. भागाकार करा, पाच सेकंदांच्या आत उत्तर येतं. फळ्यावर लिहून द्यावं इतकं सुंदर गणित आहे हे.

माणसाच्या मेंदूतला प्रवाह मोजायची धडपड जुनी आहे. १९४०च्या दशकात पेनसिल्व्हेनियात केटी आणि श्मिट यांनी माणसांना थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, धमनीतून आणि मानेतल्या शिरेतून रक्त घेऊन, सबंध मेंदूची सरासरी काढली होती. सीटीच्या चित्रांवरून हे करता येईल ही कल्पना लिऑन ॲक्सेल यांनी १९८० साली मांडली. तेव्हाची यंत्रं मंद होती. यंत्रं पुरेशी वेगवान होईपर्यंत ती कल्पना रोजच्या वापरात आली नाही.

एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. चारही नकाशांत लाल रंग असतो, पण त्याचा अर्थ एक नसतो. प्रवाहाच्या नकाशात लाल म्हणजे बहुधा भरपूर रक्त, उशिराच्या नकाशात लाल म्हणजे काळजीची जागा. रंगसंगती सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतेही. माझ्या मुलानं फिल्मचा फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत दोन नातेवाइकांचे रडवेले फोन आले. शेजारची रंगपट्टी वाचल्याशिवाय फिल्म वाचू नये.

माझा निकाल असा होता. उशिराच्या नकाशात डाव्या बाजूचं मोठं क्षेत्र चार सेकंदांहून जास्त मागे होतं. सहा सेकंदांची रेघ, जिच्यापलीकडे अचानक आलेल्या झटक्यात मेंदू धोक्यात धरतात, ती हद्दीवरच्या चिंचोळ्या पट्ट्यातच ओलांडली गेली होती. रक्ताला क्षेत्र ओलांडायला उजवीकडे पाच सेकंद लागत होते, डावीकडे सात. पण प्रवाहाच्या नकाशात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. आणि वाहिन्यांत असलेलं रक्त डावीकडे उलट जास्त होतं. मेलेला गाभा, म्हणजे प्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांच्याही खाली गेलेला भाग, शून्य.

"जास्त कसं?" मी विचारलं. वाहिनी चोंदलेली असताना तिथे रक्त जास्त असावं, हे मला पटेना.

त्यांचं गाव कराडकडचं, शेतीच्या घरातले. म्हणाले, "मॅडम, कालव्याच्या शेवटी, टेलला असलेला शेतकरी काय करतो? पाणी उशिरा येणार, दाब नसणार, हे त्याला माहीत असतं. तो आपले पाट रुंद करून ठेवतो. आलेलं पाणी सगळीकडे पोहोचतं, पण हळू." माझ्या डाव्या मेंदूनं तेच केलं होतं. दाब कमी पडतो हे ओळखून तिथल्या बारीक वाहिन्या आपणहोऊन रुंदावल्या होत्या, म्हणून त्यांत रक्त जास्त मावत होतं, म्हणून प्रवाह टिकला होता. निरोगी मेंदू बीपी बरंच वरखाली झालं तरी अशा रीतीनं आपला प्रवाह सारखा राखतो. पण वाहिन्या रुंदावण्यालाही मर्यादा असते. माझी डावी बाजू बसल्याउठल्या त्या मर्यादेच्या जवळ होती. एरवी भागत होतं. पूजेवरून उठले, बीपी एकदम खाली आलं, आणि रुंदावायला आणखी जागाच उरली नव्हती. तेवढी मिनिटं शब्द गेले.

सगळं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. महिनाभर मला वाटत होतं की माझ्या डोक्यात काहीतरी बंद पडत चाललंय. प्रत्यक्षात माझा मेंदू कोण जाणे किती काळ, मला पत्ता न लागू देता, स्वतःला सांभाळत होता.

वाहिन्यांना आणखी रुंदावण्याचा हा राखीव साठा नेमका किती उरला आहे ते मोजायचं असेल तर ॲसिटाझोलामाइड नावाचं इंजेक्शन देऊन परफ्युजन पुन्हा करतात. त्यानं निरोगी वाहिन्या रुंदावतात आणि प्रवाह वाढतो, जिथे साठा संपलेला असतो तिथे वाढत नाही. माझ्या बाबतीत उत्तर पुरेसं स्पष्ट आहे, त्यासाठी दुसऱ्यांदा किरण नकोत, असं डॉक्टरांनी ठरवलं.

मग स्टेंटचा विषय निघाला. मुलाला अजूनही वाटत होतं की अडथळा आहे तर तो काढलाच पाहिजे. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या 'सॅम्प्रिस' या अभ्यासाचे आकडे सांगितले. मेंदूतली वाहिनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असलेले आणि नुकताच झटका किंवा टीआयए येऊन गेलेले रुग्ण त्यात होते. अर्ध्यांना काटेकोर औषधोपचार, अर्ध्यांना त्याशिवाय स्टेंट. पहिल्या ३० दिवसांत झटका किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ५.८ टक्के. २०११ साली तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हृदयातल्या वाहिन्यांचा हिशेब मेंदूला लागू होत नाही. इथल्या वाहिन्या नाजूक असतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या केसासारख्या फांद्या स्टेंट उघडताना बंद पडू शकतात. माझ्या नकाशात प्रवाह टिकलेला दिसत असताना ती जोखीम घेण्याचं कारण नव्हतं. औषधांवर नीट राहूनही लक्षणं परत आली तर पुन्हा विचार करू, तेव्हा हाच नकाशा तुलनेला उपयोगी पडेल, असं ठरलं.

परफ्युजननं बदललं ते माझ्या बीपीचं औषध. झटका येऊन गेलेल्या माणसाचं बीपी खाली आणायचं असतं, मलाही शेवटी ते आणायचंच आहे. पण सावकाश, आठवड्या-आठवड्यानं, मेंदूला सवय होऊ देत. नवी गोळी बंद केली, जुनी रात्री घ्यायला सांगितली, आणि घरी पडून व उभं राहून बीपी लिहून ठेवायची वही सुरू झाली. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. निर्जळी उपवास बंद. चैत्र-वैशाखात सांगलीच्या उन्हात दुपारी बाहेर पडायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन करायचा, कारण अंगातलं पाणी कमी झालं की बीपी घसरतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही तीन महिने, मग एकच. कोलेस्टेरॉलची गोळी मोठ्या मात्रेत, वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली येऊन तिथेच राहीपर्यंत आणि राहिल्यावरही. रोज सकाळी चालणं. निर्जळी उपवास सोडताना मन खट्टू झालं होतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मात्र सरळ सांगितलं, "देवाला तुझं बोलणं बंद झालेलं चालेल का?" त्यानंतर तो विषय संपला.

लक्षणं परत आलेली नाहीत. वाईट कोलेस्टेरॉल ६४ वर आहे. परफ्युजन पुन्हा करून बघूया का, असं मी पुढच्या भेटीत विचारलं होतं, कारण नकाशा सुधारला का हे बघायची मला फार उत्सुकता आहे. डॉक्टर नाही म्हणाले. उत्तर काहीही आलं तरी आज औषध बदलणार नाही, मग किरण आणि डाय कशासाठी? हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

त्यांनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगते, विशेषतः ज्यांची मानेतली किंवा मेंदूतली वाहिनी अरुंद आहे त्यांना. उद्या मला खरोखर झटका आला आणि एखाद्या अनोळखी हॉस्पिटलात परफ्युजन झालं, तर तिथे डावी बाजू उशिराच दिसणार. ती तशी आजही दिसते. हे जुनं आहे हे त्यांना कळलं नाही तर एवढा मोठा भाग आत्ताच धोक्यात आलाय असं वाटू शकतं, आणि त्यावरून निर्णय चुकू शकतो. म्हणून सीडीची एक प्रत माझ्या पर्समध्ये असते, एक मुलाकडे, आणि रिपोर्टचा फोटो यांच्या फोनमध्ये. त्याच्याबरोबर एक कागद आहे. त्यावर गोळ्यांची नावं, क्रिएटिनिन, डायची ॲलर्जी नाही हे, आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ: डावी मिडल सेरेब्रल आर्टरी पूर्वीपासून अरुंद, डावीकडे रक्त पूर्वीपासून उशिरा, जुना परफ्युजन सीडीत आहे, आधी तो पाहावा.